पूर्णा आजी गेली आणि आमच्या आजीने टीव्ही बंद केला

(या भागाचं लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं' आणि बाहेरचे ढोल काढलेत.)

गणपती झाले, आवाज बसलाय, त्यामुळे आजचा भाग जरा घोगरा ऐकू येईल. सांभाळून घ्या.

आज आपण इतिहास बघणार आहोत, पण गड-किल्ल्यांचा नाही. मालिका बघून माणसं काय बोलतात, कशी चिडतात, कशी रडतात, आणि त्या बोलण्याचं पुढे काय होतं, याचा इतिहास. तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? मलाही मागच्या महिन्यापर्यंत तसंच वाटत होतं.

१६ ऑगस्ट २०२५, शनिवार. गोपाळकाला. लालबागला त्या दिवशी काय असतं ते वेगळं सांगायला नको. पाऊस धो-धो, खाली ट्रकवर स्पीकर, गोविंदा पथकं भिजत चाललेली. मी गॅलरीत उभा राहून मोबाईल बघत होतो आणि संध्याकाळी बातमी दिसली. ज्योती चांदेकर गेल्या, पुण्यात. स्टार प्रवाहवरच्या 'ठरलं तर मग' मालिकेतली पूर्णा आजी.

मी आत जाऊन आजीला सांगितलं. अगदी सहज, क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं. "आजी, तुझी ती पूर्णा आजी गेली बघ."

आजी तांदूळ निवडत होती. हात थांबला. म्हणाली, "मालिकेत?"

म्हटलं, "नाही, खरी. ज्या काम करायच्या त्या बाई."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "मग आता त्या घरात कोण सांगतलो?"

त्या घरात म्हणजे सुभेदारांच्या घरात. अर्जुन-सायलीला. आमची आजी ७८ वर्षांची आहे. नट वेगळा आणि पात्र वेगळं, हे तिला माझ्याइतकंच कळतं. तरी प्रश्न हाच आला. त्या रात्री तिने टीव्ही लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. समोरच्या खोलीतल्या काकी दारात येऊन बसल्या, दोघी हळू आवाजात बोलत होत्या, जवळच्या नात्यातलं कोणी गेल्यावर बोलतात तशा.

आणि मी काय केलं असेल? हसलो. मनातल्या मनात का होईना, पण हसलो. आजचा भाग त्या हसण्याबद्दल आहे.

चपला काढणारे प्रेक्षक

सुरुवात गिरगावातून करू. दादासाहेब फाळक्यांनी दादरला शूटिंग करून 'राजा हरिश्चंद्र' बनवला आणि ३ मे १९१३ ला तो गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागला, हे आपण शाळेत वाचलंय. माझ्या आजच्या कामाचा सिनेमा मात्र त्यानंतरचा, १९१७ चा 'लंका दहन'. तोही गिरगावात लागला होता, वेस्ट एंड सिनेमात. पडद्यावर राम आला की लोक पायातल्या चपला काढायचे, अशी त्याबद्दलची आठवण नोंदलेली आहे.

आता गंमत बघा. त्या सिनेमात राम आणि सीता, दोन्ही भूमिका एकाच माणसाने केल्या होत्या. अण्णा साळुंके. सिनेमात यायच्या आधी ते हॉटेलात स्वयंपाकी होते. म्हणजे कालपर्यंत लोकांना जेवण करून घालणाऱ्या माणसासमोर गिरगावकर अनवाणी बसले होते. त्यांना माहीत नसेल? पडदा आहे, प्रोजेक्टर आहे, नट आहे, सगळं माहीत असणार. तरी चपला काढल्या.

मला वाटतं इथे आपण शहाणी माणसं गडबड करतो. 'बघा, किती भोळे लोक' म्हणतो आणि पुढे जातो. पण गिरणगावातला प्रेक्षक एवढा भोळा नव्हता. ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, १९२२ मध्ये परळला दामोदर हॉल उभा राहिला, आणि कामगार रंगभूमीची कितीतरी नाटकं तिथे झाली. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्री तोंडाला रंग लावून स्टेजवर उभा राहायचा. मेकअप कसा करतात, प्रॉम्प्टर कुठे उभा असतो, रडं कसं काढतात, हे ज्यांनी स्वतः केलंय अशी माणसं समोर प्रेक्षक म्हणून बसायची. खोटं आहे हे माहीत असूनही ती रडायची. आजीही त्याच वस्तीतली आहे.

(दामोदर हॉल पुनर्बांधणीसाठी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाला. जाता-येता पत्रे दिसतात. त्यावर वेगळा भाग करू कधीतरी.)

वरळीचा टॉवर आणि दुसऱ्या मजल्यावरचा टीव्ही

२ ऑक्टोबर १९७२. मुंबई दूरदर्शन सुरू झालं. वरळीचा तो उंच टॉवर तुम्ही टॅक्सीतून पाहिला असेल. तिथून लालबाग जवळ, त्यामुळे सिग्नल झकास. अडचण सेटची होती. टीव्ही परवडणारी घरं कमी. मग एका मजल्यावर एक टीव्ही, आणि ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्याकडे अख्खा मजला.

आमच्या चाळीत तो दुसऱ्या मजल्यावरच्या बँकेतल्या काकांकडे होता. आजी सांगते, पुरुष आणि पोरं आत बसायची, बायका दारात, आणि उशिरा येणारे गॅलरीत खिडकीच्या गजांना धरून उभे. 'चिमणराव-गुंड्याभाऊ' असं बघितलं. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. एक वाक्य झालं की हसू आधी आतल्या खोलीतून, मग दारातून, मग गॅलरीतून यायचं, कारण मागच्यांना पुढच्यांनी सांगावं लागायचं काय झालं ते. माझ्या भाषेत सांगायचं तर लेटन्सी होती, पण पॅकेट लॉस नव्हता.

ह्याच २८ ऑगस्टला, ऐन गणपतीत, बाळ कर्वेही गेले. वयाच्या ९५ व्या वर्षी. आजीला ते कळल्यावर ती म्हणाली, "गुंड्याभाऊ आमच्याकडचोच होतो." आमच्याकडचा म्हणजे? चाळीतला? कोकणातला? मी विचारलं नाही.

संप आणि भगवंती

आता जरा गंभीर भाग.

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. माझे आजोबा त्यात होते. साचे खात्यात.

आणि आजी? आजी खानावळ चालवायची. नव्या श्रोत्यांसाठी सांगतो, गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले एकटे पुरुष गाळ्यांमध्ये राहायचे, आणि त्यांचं जेवण चाळीतल्या बायका करायच्या. महिन्याचे पैसे पगार झाला की. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ज्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्या याच. आजीकडे १२ जण जेवायला होते. संप लांबला तसे ते गावी जायला लागले. काहींची उधारी राहिली ती राहिलीच. वर्षभरात १२ चे ३ झाले.

आजोबांची नोकरी गेली ती परत आली नाही. ते घरी बसले, आणि मग प्यायला लागले. मी जास्त सांगणार नाही, कारण ते माझं सांगायचं नाही. आजी अजूनही म्हणते की माणूस वाईट नव्हता.

आता ह्याच वर्षांत टीव्हीचं काय चाललं होतं ते बघा. १९८२ मध्येच दूरदर्शन रंगीत झालं, राष्ट्रीय प्रक्षेपण सुरू झालं. म्हणजे गिरण्यांचे भोंगे बंद पडले आणि टीव्ही मोठा झाला, एकाच वर्षी. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण लालबागच्या एका बाईच्या आयुष्यात दोन्ही बरोबर आले.

७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झाली. मागची गोष्ट इंटरेस्टिंग आहे. वसंत साठे, आपले विदर्भातले नेते, माहिती आणि प्रसारण मंत्री असताना मेक्सिकोला गेले होते. तिथे मिगेल साबिदो नावाचा माणूस मालिकांमधून कुटुंब नियोजन, साक्षरता असले विषय लोकांपर्यंत पोचवत होता. सूत्र सोपं. एक चांगलं पात्र, एक वाईट पात्र आणि एक मधलं, जे हळूहळू सुधारतं. प्रेक्षकाने मधल्याबरोबर सुधारायचं. तीच कल्पना इथे आली, मनोहर श्याम जोशींनी लिहिली, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द बोलायचे.

त्यात एक आई होती, भगवंती. नवरा बसेसर राम दारुडा. ती सगळं सोसते, कोणाला उलट बोलत नाही. लिहिणाऱ्यांचा हेतू हा की बायकांनी तिच्याकडे बघावं आणि म्हणावं, आपण असं राहायचं नाही.

झालं काय? अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संशोधकांनी 'हम लोग'च्या प्रेक्षकांचा अभ्यास केला. त्यात दिसलं की भगवंती कितीतरी प्रेक्षकांना आदर्श वाटली. इशारा म्हणून ठेवलेलं पात्र लोकांनी देव्हाऱ्यात ठेवलं. आमच्या धंद्यात याला म्हणतात, युजरने फीचर भलतंच वापरलं.

मी हे वाचलं तेव्हा पहिला विचार आला, आजीला विचारू या.

ती म्हणाली, हो, बघितली ना 'हम लोग'. बँकेतल्या काकांच्या दारात बसून, लसूण सोलत. हिंदी पूर्ण कळायचं नाही, पण ते घर कळायचं. आणि मग तिने जे सांगितलं ते मी तसंच सांगतो. बसेसर राम पिऊन घरी यायचा, त्या वेळी दारातल्या सगळ्या बायका टीव्हीकडे बघायच्या सोडून आजीकडे बघायच्या.

"आणि मग म्हणायच्या, भगवंती म्हणजे देवी हां. माका बरा वाटायचा."

म्हणजे बघा, दिल्लीत लिहिलेला एक सीन, मेक्सिकोहून आलेलं सूत्र, आणि लालबागच्या एका दारात त्याचा अर्थ असा लागत होता की आजीने गप्प राहिलेलं बरं, लोक देवी म्हणतील.

चार लाख पत्रं आणि एक जिंकलेला संप

'हम लोग'ला दीड वर्षात चार लाखांहून जास्त पत्रं आली. चार लाख! पोस्टकार्ड विकत घेऊन, हाताने लिहून, पेटीत टाकून. बडकीचं लग्न होतं त्या दिवशी उत्तर भारतात दुकानं लवकर बंद झाली, अभिनंदनाच्या तारा आल्या. आज आपण इंस्टावर 'टॉक्सिक आहे हा माणूस, सोड त्याला' अशी कमेंट करतो, ती त्याच पत्राची नात.

आजीने पत्र लिहिलं नव्हतं. तिला सही करता येते, लिहिता फारसं येत नाही. हे लक्षात ठेवा, सहीचं. पुढे लागणार आहे.

मग २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण'. रविवारी सकाळी रस्ते ओस, टीव्हीला हार, अगरबत्ती. लंका दहनच्या चपला ७० वर्षांनी परत. पण मला त्यातली वेगळी गोष्ट सांगायची आहे. ३१ जुलै १९८८ ला मालिका रामाच्या राज्याभिषेकाशी संपली. उत्तर भारतात, जालंधर वगैरे भागांत, वाल्मीकी समाजातले सफाई कामगार यावर संपावर गेले. त्यांची मागणी होती की पुढची गोष्ट, लव-कुशची, जिच्यात वाल्मीकी ऋषी आहेत, ती दाखवा. रस्त्यांवर कचरा साचला. आणि पुढची गोष्ट आली.

मी हे वाचून लॅपटॉप बंद करून बसलो होतो. अडीच लाख माणसं पगारासाठी, बोनससाठी संपावर गेली आणि त्यांच्या हाती काही लागलं नाही. आणि सहा वर्षांनी दुसरीकडे काही माणसं एका मालिकेच्या पुढच्या भागांसाठी संपावर गेली आणि जिंकली. यावर हसायचं नाही. त्यांना त्या गोष्टीत आपला माणूस दिसायला हवा होता. ही मागणी मला पगाराइतकीच खरी वाटते.

मीटर

१९९९ मध्ये अल्फा मराठी आलं, म्हणजे आजचं झी मराठी. 'आभाळमाया' आली, सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी आली. शिकलेली, शिकवणारी, नवऱ्याने फसवलेली, आणि तरी उभी राहिलेली. टीव्ही तोवर प्रत्येक खोलीत पोचला होता. दुसऱ्या मजल्यावर जायची गरज संपली. दारं मात्र उघडी राहायची, त्यामुळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललात तर मालिका न चुकता ऐकू यायची. ही माझी लहानपणीची आठवण आहे. पाणी भरायला बाहेर गेलं तरी डायलॉग सुटायचा नाही.

मग पत्रं बंद झाली आणि टीआरपी आला. हा भाग माझ्या शेतातला आहे, म्हणून दोन मिनिटं घेतो.

२०१५ पासून हे काम बार्क नावाची संस्था करते. चॅनल आपल्या आवाजात एक खूण मिसळतं, आपल्या कानाला ऐकू न येणारी. निवडलेल्या घरांत एक मीटर असतं, ते ही खूण ओळखतं आणि कोणतं चॅनल चालू आहे ते मिनिटामिनिटाला नोंदवतं. घरातल्या प्रत्येकाला एक बटण, बसलात की दाबायचं. २०२० च्या सुमारास अशी साधारण ४४,००० घरं होती, आणि देशात टीव्ही असलेली घरं सुमारे २१ कोटी. भागाकार करा. एक मीटरवालं घर जवळजवळ पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीची केस केली. आरोप असा की ठरावीक चॅनल चालू ठेवायला अशा घरांना पैसे दिले जात होते.

सँपलिंग म्हणून ही पद्धत चुकीची नाही. मी स्वतः असलेच डॅशबोर्ड बनवतो. पण मीटरला एवढंच कळतं की टीव्ही चालू होता आणि कोणीतरी बटण दाबलं होतं. भगवंती लागली असताना दारातल्या बायका कोणाकडे बघत होत्या, ते त्याला कळत नाही.

इअरफोन

आता माझी चूक.

मार्च २०२०. मी बीटेक करून नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं. आई-बाबा बदलापूरला, मी आणि आजी लालबागला. ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. ते बंद झालं आणि मी घरून काम सुरू केलं. घर म्हणजे एक खोली. एका कोपऱ्यात माझं टेबल, दुसऱ्यात आजीचा टीव्ही.

मालिकांचं शूटिंग १९ मार्चला थांबलं होतं, २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा लागलं, आणि जुलैपासून नवे भाग परत यायला लागले. आजी खूश. माझी संध्याकाळची मीटिंग साडेसातला, आणि साडेसातलाच 'आई कुठे काय करते'. टीममधल्या सगळ्यांना अरुंधतीच्या घरातली भांडणं ऐकू जायची. एकाने विचारलं, "भाई, घरी सगळं ठीक आहे ना?" सगळे हसले. मला लाज वाटली.

मी आजीसाठी इअरफोन आणले. वायरलेस, चांगले. तिला लावायला शिकवलं. प्रॉब्लेम सॉल्व्ह.

महिन्याभराने लक्षात आलं की आजी टीव्ही बघतच नाहीये. विचारलं तर म्हणाली, डोळे दुखतात. मी ऐकून घेतलं, कारण ते मला सोयीचं होतं. खरं कारण कळायला मला फार वेळ लागला. समोरच्या काकी आणि कोपऱ्यावरच्या मावशी तोंडाला पदर लावून दारात लांब-लांब बसायच्या, आणि इअरफोन एकाच माणसाच्या कानात जातात. एकदा काकींनी विचारलं होतं, "काय झालं, काय म्हणाला तो?" तेव्हा आजीने एक बोळा काढून त्यांना देऊ केला होता, आणि मी मीटिंगमधून हात करून सांगितलं होतं, आजी, कोरोना!

त्या दिवसानंतर त्या आल्या नाहीत.

मी टीव्हीचा आवाज बंद केला असं समजत होतो. बंद झालं होतं ते तिघींचं बोलणं.

सही

पुढे निर्बंध उठले, माझं ऑफिस सुरू झालं, इअरफोन माझ्याकडे आले आणि दार पुन्हा उघडं राहायला लागलं. 'आई कुठे काय करते'मध्ये अरुंधतीने अनिरुद्धशी घटस्फोट घेतला तो काळ. ती मालिका मूळ बंगाली 'श्रीमयी'वरून घेतलेली, आणि हिंदीतली 'अनुपमा'ही तिथूनच आली. एकच बाई इतक्या भाषांत नवऱ्याला सोडते आणि घराघरांत वाद होतात. आमच्या दारातही झाला. मावशींचं मत, एवढी मोठी मुलं असताना घर मोडायचं नसतं. काकींचं मत, बरं केलं. पुढे २०२३ मध्ये तिने आशुतोषशी लग्न केलं तेव्हा तर दोघी दोन दिवस बोलत नव्हत्या.

आजी मात्र घटस्फोटाच्या वेळी काहीच बोलली नव्हती. मी 'हम लोग'बद्दल विचारलं ना, ह्या ऑगस्टमध्ये, पूर्णा आजीच्या बातमीनंतर, तेव्हा भगवंतीवरून ती आपणहून अरुंधतीवर आली. म्हणाली,

"भगवंती शेवटपर्यंत गप रवली. मीपण रवलंय. ह्या अरुंधतीन सही केली. सही केली की सुटता येता, ह्या माका तेव्हा कोणी सांगूकच नाय. सही तर माका येत होती."

माझ्याकडे यावर बोलायला काही नव्हतं. मग तिनेच विषय बदलला, चहा ठेवू का म्हणाली.

म्हणजे ३५-४० वर्षं एक बाई दोन पात्रं शेजारी-शेजारी ठेवून बघत होती. एक तिच्या तरुणपणी आलेलं, एक म्हातारपणी. आणि त्यांच्या मधोमध स्वतःला ठेवून. मी ज्याला 'तेच तेच रडगाणं' म्हणायचो, त्यात ती स्वतःचा हिशोब तपासत होती. हे कोणत्याही मीटरला कळलं नसतं. मला तरी कुठे कळलं? मी तर त्याच खोलीत होतो.

आणि पूर्णा आजी? मी तेही विचारलं, की एवढं का लागलं तुला? तिचं उत्तर अगदी साधं होतं. त्या घरात पूर्णा आजीला विचारल्याशिवाय काही ठरत नाही. ती बोलली की सगळे थांबून ऐकतात. तिच्या वयाच्या बाईला कोणीतरी ऐकतंय, हे तिला रोज बघायला आवडायचं.

मी तिला इअरफोन दिले होते.

दार

१४ ऑगस्टला, म्हणजे त्या बातमीच्या दोनच दिवस आधी, वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ५०० चौरस फूट. चांगली गोष्ट आहे, मी त्या घरांना नावं ठेवणार नाही. संडाससाठी रांग लावलेल्या कोणालाही विचारा. आमचीही चाळ कधीतरी पाडणार, कागद फिरतायत. आजी ती बातमी बघत होती आणि तिने एकच विचारलं, तिथे दारं उघडी ठेवतात का?

मी म्हटलं, ठेवायची आपण.

खरं सांगू? मला माहीत नाही ठेवू की नाही. लिफ्ट, कॅमेरे, ओटीपी, सगळं असेल. पण कोणीतरी लसूण घेऊन दारात येऊन बसेल अशी व्यवस्था कोणत्याच प्लॅनमध्ये नसते. ती आपल्यालाच करावी लागेल.

गणपतीत आमच्याकडे टीव्ही बंदच होता, पाहुणे असतात. विसर्जनानंतर सोमवारी मी ऑफिसातून लवकर आलो, दार उघडं ठेवलं, टीव्ही लावला, आवाज वाढवला. आजी आधी आली नाही. मग काकी आल्या, मग मावशी. मग आजी तांदळाचं ताट घेऊन खाली बसली. 'ठरलं तर मग' लागलं. मीही बसलो. दहा मिनिटांत मी विचारलं, "हा असा का वागतोय?" तिघींनी माझ्याकडे वळून बघितलं.

"तुका काय कळता," आजी म्हणाली, आणि मागच्या सहा महिन्यांची गोष्ट सांगायला लागली. पुढचा अर्धा एपिसोड त्यातच गेला. कोणीच तक्रार केली नाही.

तर मंडळी, ह्या वेळी तुम्हाला गृहपाठ आहे. तुमच्या घरात जे कोणी मालिका बघतं, आई, आजी, काका, कोणीही, त्यांच्या शेजारी एक भाग बसून बघा. फोन उलटा ठेवा. मालिका आवडली नाही तरी चालेल. फक्त एवढं विचारा की यातलं कोण तुला आवडतं आणि का. मग काय उत्तर आलं ते मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. त्यांना चालणार असेल तर पुढच्या भागात ऐकवू, नसेल तर नाही.

चला, आजी हाक मारतेय. आठ वाजून गेले. भेटू.